आधी टोपडं, मग कुंकू

नगरला झेंडू आला की तो आधी नाकाला कळतो. माळीवाड्याच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही कडांना पोती उघडी पडतात, पाकळ्या टायरखाली चिरडतात आणि तो कडवट ओला वास दोन दिवस गावभर भरून राहतो. बाकीच्यांना त्या वासाने दसरा आठवतो. मला सुरेखा आठवते, आणि छातीच्या जरा खाली, जिथे ॲसिडिटी होते तिथे, अजून जळतं. माझं वय आता बासष्ट. या वयात माणसाने मोठ्या मनाने इतरांना आशीर्वाद द्यावेत अशी अपेक्षा असते. मी देते, तोंडाने.

काल तिचा फोन आला. "बाई, उद्या खंडेनवमी. डब्यांची पूजा हाय. तुमी यायचं."

मी म्हटलं, गुडघे दुखतात, आता तो गच्चीचा जिना चढवत नाही.

"जिना कशाला? आता खालीच खोली दिलीय आपल्याला."

आपल्याला म्हणे. बावीस वर्षं मी तोच जिना चढले, पाण्याची बाटली, टाचणवही आणि कागदांचे लखोटे घेऊन. मला कधी कोणी खाली खोली दिली नाही. तिला दिली, वर पंखा आणि पाटीसुद्धा. मी येते म्हणाले आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ स्वयंपाकघरात उगाच डबे इकडचे तिकडे करत राहिले.

मी नगरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. कॉलेजच्या गच्चीवर हवा ओढणारं एक मोठं यंत्र होतं. सुरू केलं की पिठाच्या गिरणीसारखं घोंघावायचं. त्यात पांढरा कागद घालायचा, यंत्र दिवसभर हवा ओढणार, हवेतली धूळ कागदावर बसणार. कागद लावायच्या आधी वजन करायचं, काढल्यावर पुन्हा करायचं. जेवढा कागद जड झाला तेवढी धूळ. इतकी साधी गोष्ट, पण तिला हात हलका लागतो आणि सबुरी लागते. दमट कागद वजन खोटं दाखवतो म्हणून तो आधी बंद काचपात्रात सुकवायचा. काट्याची काचेची दारं लावून श्वास रोखून आकडा वाचायचा. आठवड्यातून दोनदा, बावीस वर्षं. ऑक्टोबरच्या उन्हात कागद पिवळसर यायचा, बाजरीच्या मळणीच्या दिवसांत करडा, आणि एकदा का कारखान्यांचा हंगाम सुरू झाला आणि उसाच्या ट्रॉल्या बायपासवरून धूळ उडवत जायला लागल्या की थेट काळा. या शहराने दिवसभर काय गिळलं हे त्या काळी फक्त मला माहीत असायचं. नवरा थट्टेने म्हणायचा, हिला विचारा, ही नगरच्या हवेची तलाठी आहे. मला ते आवडायचं, आत्ता कबूल करते.

मग ते डबे आले. हातात मावतील एवढे, पांढरे, प्लास्टिकचे, आत एक बारका पंखा आणि प्रकाशाचा किरण. हवा आत जाते, धुळीचे कण किरणात चमकतात, डबा ते मोजतो आणि आकडा मोबाईलवर दाखवतो. मोठं यंत्र एका जागी एकच असतं आणि ते सगळ्यांना परवडत नाही. हे डबे स्वस्त, म्हणून गल्लोगल्ली लावता येतात. देणाऱ्यांची अट एकच होती, की ते लावायला, तपासायला आणि बिघडले तर दुरुस्त करायला गावातलीच माणसं तयार करायची. बाहेरून कोणी सारखं येणार नाही. म्हणून आमच्या कॉलेजात शिकवणी ठेवली आणि ज्याला यायचं त्याने यावं असं सांगितलं.

सुरेखा आली ती अशी. मूळची मिरजगावची, घरची शेती, लग्न होऊन नगरला आलेली आणि नवऱ्याच्या जोडीने मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारी. बारावीनंतर शिक्षण सुटलेलं. कॉलेजात सगळे मला मॅडम म्हणतात, ही पहिल्या तासापासून बाई म्हणाली, गावच्या शाळेतल्यासारखं. मी चष्मा लावून माहितीपत्रक वाचत होते, तोवर हिने पर्समधून बारका स्क्रूड्रायव्हर काढला, डबा उघडला, पंखा उचलून फुंकर मारली, बंद केला आणि म्हणाली, "आत काय न्हाई बाई, मोबाईलपेक्षा सोपं हाय." वर्गातले सगळे तिच्या टेबलाभोवती गोळा झाले. माझं माहितीपत्रक माझ्या हातात राहिलं.

त्या दिवशी मला पहिल्यांदा पोटात दुखलं. नंतर दुखायला निमित्तच लागायचं नाही. प्राचार्य जाता-येता विचारायचे, "सुरेखाताई आल्यात का?" शिपाई तिला न मागता चहा आणून द्यायचा, मला मागितल्यावर. तिने दहा डबे घेतले आणि नऊ डब्यांसाठी आठवडाभरात घरं शोधली: भिंगारचा एक शिंपी, सावेडीतल्या एक नर्सबाई, स्टेशन रोडची रसवंती, बायपासजवळची एक प्राथमिक शाळा, असे. प्रत्येकाला तिने डबा कसा पुसायचा, पंख्यावर जाळी धरली तर काय करायचं ते हातात देऊन शिकवलं. शिंपी तर पुढे स्वतःच दुसऱ्याचा डबा उघडून द्यायला लागला. मी बावीस वर्षांत एका माणसाला तो काट्याचा आकडा वाचायला शिकवला नव्हता. कोणी आलंच नाही, असं मी म्हणायचे. खरं म्हणजे मी कोणाला हात लावू दिला नव्हता.

दहावा डबा मात्र गच्चीवर राहिला, माझ्या यंत्राच्या शेजारी. कारण स्वस्त डब्याच्या आकड्यावर एकदम विश्वास ठेवता येत नाही. मोठ्या यंत्राशेजारी काही आठवडे ठेवायचा, दोघांचे आकडे ताडायचे, डबा जास्त दाखवत असेल तर तेवढं कमी धरायचं आणि तोच हिशेब बाकीच्या नऊ डब्यांनाही लावायचा. दहाही डबे एकमेकांशी जुळतात हे तिने आधीच सगळे एका रांगेत ठेवून बघितलं होतं. थोडक्यात, तिच्या दहा डब्यांना शेवटी माझ्या कागदाकडे यावं लागणार होतं. हे कळलं तेव्हा मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. त्या दिवशी घरी जाऊन मी गोडाचा शिरा केला.

नेमकं तेव्हा माझं यंत्र मोटार खोलून पडलं होतं. ते दुरुस्त होऊन आलं ते खंडेनवमीच्या सकाळी. आमच्या प्रयोगशाळेत खंडेनवमीला सगळ्या उपकरणांची पूजा व्हायची आणि ती मीच करायची, हा माझा मान. काट्याला झेंडूचं फूल, काचपात्राला हळदीकुंकू, मग ताट घेऊन गच्चीवर, यंत्राला हार. सुरेखा दुकानातली पूजा उरकून यायची होती, अजून पोचली नव्हती. तिचा डबा शेजारी हुंहुं करत चालू होता. मी म्हटलं, याचाही मान ठेवावा, नाहीतर म्हणेल बाईंनी वगळलं. आपल्याकडे कशालाही कुंकू लावायचं तर तोंडाला लावायचं. गाडीला समोर, मशीनला जिथून धागा जातो तिथे. डब्याचं तोंड म्हणजे जिथून तो हवा घेतो ती जाळी. मी चिमूट भरून हळद लावली, वर चिमूट भरून कुंकू. पंख्याने ते आत ओढलं. बारीकशी लाल वाफ आत जाताना मला दिसली. रसायनशास्त्राची एम.एस्सी. झालेली बाई मी. दिसलं, आणि मी हात जोडून खाली आले.

पाऊस संपून वारा कोरडा झाला की नगरला धूळ वाढतेच, त्यामुळे गच्चीवरचा डबा जास्त दाखवतोय याचा कोणालाच संशय आला नाही. दसऱ्यापासून पुढे चार-पाच आठवडे आम्ही ताडत बसलो. मधे दिवाळी गेली, फटाक्यांचे दिवस आम्ही सोडून दिले. सकाळी गच्चीवर बंबाच्या धुराचा आणि कोणाच्या तरी चकलीच्या तळणाचा वास एकत्र यायचा. आम्ही दोघी कठड्याला टेकून आकडे लिहायचो, ती मोबाईलवर, मी वहीत. तिचा डबा माझ्या कागदाच्या दुप्पट दाखवायचा. दर वेळी दुप्पट.

एका सकाळी ती म्हणाली, "बाई, तुमचा कागद बराबर का माजा डबा?"

"कागद कधी खोटं सांगत नाही," मी म्हटलं. इतकं गोड वाक्य मी आयुष्यात क्वचित बोलले असेन. तिने मान डोलावली आणि सगळ्या नऊ डब्यांचे आकडे निम्मे केले.

आता त्या शाळेचं सांगते, कारण सगळं तिथेच अडलं होतं. बायपासजवळच्या शाळेच्या मागे मोकळ्या प्लॉटवर काही लोक जुन्या वायरी जाळून त्यातलं तांबं काढायचे, नेमकं सकाळी, प्रार्थनेच्या वेळी. मुख्याध्यापिकांनी तक्रारी करून पाहिल्या होत्या. पुरावा आणा म्हणून परत पाठवलं होतं. म्हणून त्यांनी सुरेखाचा डबा व्हरांड्यात लावून घेतला होता. नोव्हेंबरात प्राचार्यांच्या खोलीत एक अधिकारी आले, त्या मुख्याध्यापिका आल्या, सुरेखा छापलेला कागद घेऊन उभी राहिली. निम्मा केलेला आकडा मर्यादेच्या आत बसत होता. अधिकाऱ्यांनी पेनाचं टोपण लावलं. "ताई, तुमच्याच यंत्राप्रमाणे हवा ठीक आहे. मग आम्ही काय कारवाई करायची?"

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मग पोरं खोकतात कशानं, साहेब?"

सुरेखा हातातल्या कागदाकडे बघत होती, गिऱ्हाइकाला दुरुस्त करून दिलेला मोबाईल चालूच होत नसावा तशी. आणि मी काय करत होते? मी खूश होते. एवढंसं, बोटाच्या पेराएवढं, पण खूश. झाली ना फजिती, असं मनात आलं. ते मी लपवून ठेवणार नाही.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात होती तेव्हा मी गच्चीवर गेले. का गेले ते सांगता येत नाही. कदाचित तिचा डबा किती हलका माल आहे ते एकदा बघावं म्हणून. स्क्रूड्रायव्हर नव्हता, पर्समधलं नाणं लावून उघडला. आत पंख्याच्या पात्यांवर, किरणाच्या खोबणीत, सगळीकडे लालपिवळी पूड. माझ्या हातची. डबा दुप्पट दाखवत होता तो माझ्या कुंकवाने, आणि त्या खोट्या दुपटीवरून शाळेचा खरा आकडा आम्ही निम्मा केला होता. मला हे समजायला जेवढा वेळ लागला त्याहून कमी वेळात मी डबा बंद केला.

सांगायचं होतं एवढंच, की सुरेखा, माझ्याकडून कुंकू आत गेलं. पाच शब्द. आठ दिवस मी ते गिळून बसले. सांगितलं तर तिचा डबा खरा ठरणार, माझी बावीस वर्षांची शिस्त गावात हसण्यावारी जाणार, आणि शिपाई तिला अजूनच चहा आणून देणार. त्या आठ दिवसांत एकदा नणंदेकडे जाताना रिक्षा त्या शाळेवरून गेली. मैदानावर प्रार्थना चालली होती, मागून काळा धूर सरळ पोरांवर येत होता, आणि प्रार्थनेच्या मधेमधे खोकल्याचा आवाज. रिक्षावाल्याने गमछा नाकाला लावला. "रोजचंच हाय मॅडम हे," म्हणाला. मी त्याला म्हटलं, जरा लवकर घ्या.

नवव्या दिवशी सुरेखा शाळेतला डबा काढून पिशवीत घालून गच्चीवर घेऊन आली. तिने तो गच्चीवरच्या डब्याशेजारी ठेवला आणि कठड्यावर बसून राहिली. तासाभराने म्हणाली, "बाई, एकाच हवेत ह्यो एक सांगतोय आन् त्यो दुप्पट, तुमच्या कागदाच्या दुप्पट सांगायचा तसाच. म्हंजी शाळेचा बराबर हाय. बिघडलाय तो आपला." मग तिने गच्चीवरचा डबा उघडला. उघडायच्या आधी स्क्रूवर अंगठा फिरवून ती क्षणभर थांबली होती, ते मला तेव्हा विशेष वाटलं नाही. आतली लाल पूड बघून तिने माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या वहीकडे पाहिलं.

"आत कायतरी गेलंय," ती म्हणाली आणि बारक्या ब्रशने डबा साफ करायला लागली. एवढंच. जिना उतरताना पुढे तीच बोलली. "मी सायबाला सांगते, माज्याकडनं सफाई ऱ्हायली. तुमच्या कागदावर लोकांचा इस्वास हाय, बाई. त्योच गेला तर माज्या डब्याला कोन इचारतंय?"

तिने खरंच तसं सांगितलं, सगळ्यांसमोर, मान वर करून. मी शेजारी उभी होते. एक माणूस चूक आपल्या अंगावर घेत असताना दुसऱ्याने तोंड न उघडणं किती सोपं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. आम्ही डबे पुन्हा ताडले. या वेळी कागद आणि डबा जवळजवळ जुळले. शाळेचा आकडा मर्यादेच्या कितीतरी वर निघाला. मग सरकारी कागद हलले, पाहणी झाली आणि संक्रांतीच्या आधी तो प्लॉट पत्रे ठोकून बंद झाला. मुख्याध्यापिकांनी कॉलेजात तिळगूळ पाठवला, वर चिठ्ठी: सुरेखाताईंना. मला त्यातला एक लाडू मिळाला. तोही मला कडू लागला, आता बोला.

तिचा राग येत असता तर बरं झालं असतं. राग आला की भांडता येतं. इथे ती माझं काही घेत नव्हती, उलट झाकत होती, आणि माझी जळफळ तरी थांबत नव्हती. मी निवृत्त झाले. मोठं यंत्र तिच्याच आग्रहाने चालू राहिलं आणि कागदाचं वजन करायला तिने दोन नव्या बायकांना तयार केलं, काचेची दारं लावून, श्वास रोखून, अगदी माझ्यासारखं. तेव्हाही मला दुखलंच.

आज सकाळी गेले. खाली खोली, पंखा, पाटी, सगळं खरं. टेबलावर पंचवीस-तीस डबे मांडलेले. आता ते खर्ड्यापासून घोडेगावपर्यंत जातात म्हणे, घोडेगावच्या गुरांच्या बाजाराच्या दिवशी किती धूळ उडते तेही मोजतात. शिकायला सात-आठ बायका आलेल्या. आणि प्रत्येक डब्याला लाल कापडाचं टोपडं, बाळाला बांधतात तसं, खाली नाडी. भिंगारच्या त्या शिंप्याने शिवून दिलेली. भिंतीवर कामाच्या सूचनांचा कागद होता. पुसायचं कसं, पंखा कधी बदलायचा, आणि शेवटी मोठ्या अक्षरात: पूजेच्या दिवशी आधी टोपडं, मग कुंकू.

सुरेखाचे केस कानांपाशी पिकलेत. तिने ताट माझ्या हातात दिलं. जामखेडकडून आलेल्या एका बाईने विचारलं, "ताई, ह्ये टोपडं कशापायी?"

"एकदा कुंकू आत गेल्तं," सुरेखा नाडी बांधता बांधता म्हणाली. "माज्याकडनंच. लई घोळ झाल्ता. एका शाळेचा आकडा चुकला. तवापासून ही शिस्त."

बायका हसल्या. कोणीतरी म्हणालं, "तुमच्याकडनं बी चूक व्हती व्हय, ताई?" आणि त्या हसण्यात तिच्याबद्दल इतकं प्रेम होतं की मी हातातलं ताट टेबलावर ठेवलं. खोली तिची, पाटी तिची, माझी वजन करायची पद्धत तिची, आणि आता माझी चूकसुद्धा तिची. या सगळ्या हवेच्या कारभारात माझं म्हणून जे एक उरलं होतं, तेही ती सहज आपल्या नावावर सांगत होती. मला ते सहन झालं नाही. मनाचा मोठेपणा वगैरे काही नाही. मला शुद्ध हेवा वाटला.

"तिच्याकडनं नाही," मी म्हटलं. "ते कुंकू मी घातलं होतं. माझ्या हाताने. आणि कुंकू गेलंय हे मला समजलं तेव्हाही मी आठ दिवस गप्प बसले, पोरं धूर खात असताना. ती चूक माझी आहे."

बायका माझ्याकडे बघत होत्या, मग सुरेखाकडे. तिने शेवटच्या टोपड्याची गाठ मारली आणि हात पदराला पुसले.

"म्हाईत हाय, बाई," ती म्हणाली. "स्क्रूवर नाण्याचा वळ हुता."

मग तिने डबा माझ्यासमोर सरकवला. मी टोपडं चाचपून पाहिलं, नाडी घट्ट होती, आणि कुंकवाची चिमूट घेतली.